उतरलेला पियानो चढवताना

अनेक वर्षे न जुळवलेल्या पियानोच्या तारा हळूहळू सैलावतात आणि मधल्या सप्तकातील ज्या ‘ए’ स्वराची सेकंदाला 440 कंपने व्हायला हवीत, तो 430 पर्यंतही घसरतो. अर्धस्वराचे शंभर समान भाग कल्पून त्यातील एका भागाला सेंट म्हणतात, त्या मापाने ही घसरण 40 सेंटची भरते. एवढा उतरलेला पियानो पहिल्याच फेरीत काटेकोर जुळवू पाहणारा कारागीर हमखास फसतो, कारण तो शेवटच्या तारेपाशी पोहोचेपर्यंत पहिल्या तारा पुन्हा उतरलेल्या असतात.

याचे मूळ वाद्याच्या बांधणीत आहे. पियानोत सुमारे 230 तारा असून त्यांचा एकत्रित ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो, आणि 40 सेंट चढवायचे म्हणजे त्यात जवळजवळ 5 टक्क्यांची भर घालायची. या वाढीव ताणाचा काही अंश घोडीवाटे ध्वनिफलकावर, म्हणजे तारांखालच्या किंचित फुगीर लाकडी फळीवर, दाब होऊन येतो. फळी दबते, घोडी खचते आणि आधी ओढलेल्या तारा ढिल्या पडतात.

म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक तार मुद्दाम हव्या त्या स्वराच्या वर नेऊन ठेवतात. मधल्या भागात घसरणीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी, आणि खर्जाच्या जाड तारा त्याहून कमी. 40 सेंट उतरलेला ‘ए’ 10 सेंट जास्त, म्हणजे 442.5 कंपनांच्या आसपास सोडला, की बाकीच्या तारा चढत जाताना तो आपसूक 440 च्या जवळ येऊन बसतो. ही फेरी अर्ध्या तासात उरकायची असते. एका तारेच्या वाट्याला जेमतेम 8 सेकंद येतात, आणि तेवढ्यात शेजारच्या तारा रबरी पाचरीने मुक्या करून, खुंटीवर किल्ली बसवून, एका ओढीत स्वर गाठायचा असतो. पाहणाऱ्याला हे काम ओबडधोबड वाटेल, पण पाया हलत असताना नाजूक काम करण्यातच खरा वेळ वाया जातो.

गंजलेल्या तारेपाशी मात्र थांबावे. ती थेट ताणल्यास तुटण्याची भीती असते. आधी केसभर उतरवली, की गंजामुळे धातूच्या टेकूला चिकटलेली तार बारीकसा ‘टक्’ आवाज करून सुटते, आणि मगच ती चढवावी.

यानंतरची फेरी सावकाश, कान लावून करायची, आणि तारा नव्या ताणाला सरावेपर्यंत काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळी दमट हवेने ध्वनिफलक फुगून सूर आपोआप चढतो; तेव्हा कोरड्या दिवसांत आढळलेली घसरण किती तारांची आणि किती हवेची, हे ताडल्यावाचून कारागिराने किल्ली उचलू नये.