विद्येची परीक्षा गादीवर



या महोत्सवात शिक्षणावर बोलावे, असे आम्हाला सुचविण्यात आले. आम्ही शिक्षणावरच बोलणार आहोत. मात्र फळ्यापुढच्या नव्हे, गादीवरच्या. आपल्यातील काही तरुण कराटे शिकतात, काही जूडो खेळतात, काही अजून तालमीच्या मातीत उतरतात. त्यांच्यापुढे आज प्रश्न आहे तो हा, की जुजित्सूच्या स्पर्धेत उतरावे की नाही. घरची वडील मंडळी म्हणतात, हातपाय मोडून घेण्याची हौस कशाला? काही जाणते वस्ताद म्हणतात, ही विद्या जीव वाचविण्यासाठी आहे. नियमांत बांधली की ती लंगडी होते. दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तरही प्रामाणिकच दिले पाहिजे.

जुजित्सू ही जपानची जुनी विद्या. 'जु' म्हणजे मार्दव, नमते घेऊन प्रतिपक्षाचे बळ त्याच्यावरच उलटविणे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान स्थापून तिच्यातूनच जूडो घडविला. कानो हे स्वतः शिक्षक होते. त्यांनी पाहिले, की डोळ्यात बोट घालण्याचा किंवा सांधा मोडण्याचा डाव रोज पूर्ण जोराने घोटता येत नाही. घोटला तर उद्या जोडीदारच उरणार नाही. म्हणून सरावातून घातक डाव त्यांनी बाजूस काढले, आणि उरलेले डाव झुंजणाऱ्या जोडीदारावर पूर्ण जोराने करण्यास मोकळीक दिली. आपल्या कुस्तीत तरी दुसरे काय आहे? ठोसा वर्ज्य आहे, म्हणूनच पहिलवान रोज जीव तोडून जोर करू शकतो. तात्पर्य, नियमाने विद्या लंगडी होत नाही. उलट नियमामुळेच ती रोज तपासून घेता येते.

ही विद्या आपल्या देशास अपरिचित नव्हती. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी गुरूंना शांतिनिकेतनात आणविले होते. आजच्या जुजित्सू स्पर्धेचे मुख्य प्रकार तीन. एकात जोडी उतरते, आणि पंच पुकारील त्या हल्ल्याचा बचाव करून दाखविते. दुसरा केवळ जमिनीवरच्या पकडींचा. त्यात ठोसे नाहीत. तिसरा खरा झुंजीचा. त्याची फेरी तीन मिनिटांची. आरंभी ठोसे आणि लाथा. एकाने दुसऱ्याला धरले की ठोसे बंद आणि फेकीचे डाव सुरू. जमिनीवर आले की दाबून धरणे, सांध्याचे पेच आणि गळ्याची पकड. तिन्ही भागांत ज्याने निर्दोष डाव साधला, त्याची झुंज तेथेच जिंकली जाते. हातापायांना संरक्षक आवरणे असतात, आणि बेफाम घाव घालणाऱ्यास पंच दंड करतात.

आता यात आपले तीन विद्यार्थी उतरले असे समजा. कराटेवाला आरंभी गुण घेईल. पण प्रतिपक्षाने अंगरखा पकडला की त्याचे हात निरुपयोगी होतात, आणि पुढे काय करावे हे त्याला सुचत नाही. जूडोवाला फेक उत्तम करील, परंतु पकड घेण्यासाठी जवळ जाताना लाथ खाईल. आणि पहिलवान? त्याला लहानपणापासून शिकविलेले असते, की पाठ मातीला लागू द्यावयाची नाही. म्हणून तो चटकन पालथा होतो. येथे मात्र पालथे होणे म्हणजे पाठ आणि मान शत्रूच्या स्वाधीन करणे! चितपट होऊन कुस्ती संपते. जुजित्सूत उताणा पडलेला माणूसही झुंज जिंकू शकतो. प्रत्येकाची विद्या खरीच आहे, पण ती कोठे संपते हे आपल्याच आखाड्यात, आपल्याच जोडीदारांशी खेळून कळत नाही. ते परक्या गादीवर कळते. स्पर्धेचा मोठा लाभ हाच. पदक हा त्यानंतरचा.

या खेळातील एक रीत आम्हाला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. पेच पक्का बसला की हाताने थाप मारावयाची. थाप पडताच प्रतिपक्षाने सोडलेच पाहिजे. गळ्याची पकड नीट बसली तर मेंदूचा रक्तपुरवठा अडून काही सेकंदांतच शुद्ध हरपते. तेव्हा वेळेवर थाप मारणे हा भित्रेपणा नव्हे, ती समज आहे. आणि थाप ऐकून सोडणे ही सभ्यता आहे. हरलो हे शांतपणे कबूल करावयाचे, उठून हात मिळवावयाचा आणि पुन्हा उभे राहावयाचे, हे कोणत्या पाठ्यपुस्तकातून शिकवावे?

वडीलधाऱ्यांची काळजी मात्र आम्ही उडवून लावणार नाही. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम गाळून शरीर सुकविण्याची खोड काही खेळाडूंना लागते. ती घातक आहे. मुलाने आपल्या स्वाभाविक वजनातच खेळावे. तसेच स्पर्धा म्हणजे सर्व आत्मरक्षण नव्हे. रस्त्यावर पंच नसतो, आणि हल्लेखोर एकटाच येईल असे नाही. तेथे पहिला डाव म्हणजे निघून जाणे.

आपल्या धार-देवास भागाला हा विषय परका नाही. दोन्ही गावे पवारांची, मध्ये इंदूर तेवढे. जुजित्सूचा आशियाई क्रीडास्पर्धांत प्रथम समावेश झाला तो २०१८ साली, जकार्ता येथे. त्यानंतर देवासच्याच रोहिणी कलम हिने २०२२ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या जागतिक क्रीडास्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२५ साली ऐन उमेदीत तिचे निधन झाले. तिच्या आठवणीने अनेकांचे मन आजही हळवे होते. तिच्यासारख्या मुली आपल्या घराघरांत आहेत. त्यांना गादी द्या, आणि गादीबाहेरही त्यांची विचारपूस करा. पदक मिळाले तरी आणि न मिळाले तरी.

शेवटी वस्तादांना एक विनंती. बडोद्यात जुम्मादादा नावाचे उस्ताद होऊन गेले. त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी तो आखाडा नावारूपास आणला. पण नाव ठेवले उस्तादांचेच, जुम्मादादा व्यायाममंदिर. उस्ताद मुसलमान, शागीर्द हिंदू. मध्ये होती ती विद्या. शिष्य परक्या गादीवर गेल्याने उस्तादाचे नाव बुडत नाही. शिकून परत आला तर ते वाढते. संस्थेने शक्य असल्यास चांगल्या गाद्या, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रवासखर्च यांची सोय करावी. बाकीचे काम मुले करतील.