शिक्षेचा तराजू
(पिंपरी येथे कामगार-युवकांच्या सभेत केलेले भाषण)



मी गोदीत ओझी उचलणारा, शिक्षण मॅट्रिक. वकिली भाषा मला येत नाही. पण एक खटला सांगतो. पुण्याचाच, भारत फोर्जचा.

26 ऑगस्ट 1983. पहिली पाळी, सकाळचे 11.40. एक हेल्पर कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर झोपलेला सापडला. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला. आधीच्या तीन गैरवर्तनांना किरकोळ शिक्षेवर सोडलं होतं. चौथ्यांदा बडतर्फ! लेबर कोर्ट म्हणालं, चौकशी बरोबर, पण शिक्षा जबर, कामावर घ्या. सुप्रीम कोर्टानं 2005 साली बडतर्फीच कायम केली.

निकाल पटो न पटो. पण त्या हेल्परची रीतसर चौकशी झाली, शिक्षेच्या मापावर त्याला कोर्टात भांडता आलं. कारण अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा 1971 चा कायदा. किरकोळ गैरवर्तनाला, मागली नोकरी न बघता, धक्का बसावा एवढी मोठी शिक्षा देणं ही त्यात मालकाची अनुचित प्रथा ठरवली होती.

हे झालं कायम कामगाराचं. चाकणच्या कंत्राटी पोराचं बघा. सुपरवायझरला उलट बोलला की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. कंपनी म्हणते, हा आमचा नव्हेच. ठेकेदार म्हणतो, काम संपलं. भांडायचं कुणाशी?

ही चाल जुनी आहे. ब्राह्मणाला शिवी दिली तर मनुस्मृतीत क्षत्रियाला 100 पणांचा दंड, शूद्राला मात्र शारीरिक शिक्षा. गुन्हा तोच, माप जातीचं. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 ला महाडला ती जाळली. अन् गावानं बहिष्कार घातला तेव्हा आपल्या बापजाद्यांना आरोपपत्र कुणी दिलं होतं?

म्हणून विचारतो, आपल्या संघटनांत काय चालतं? पुढाऱ्यानं वर्गणी खाल्ली, कार्यकर्तीच्या अंगाला हात लावला, तर म्हणे चळवळीची बदनामी नको. हिशेब मागणारं पोरगं मात्र रातोरात बाहेर. हा मनूचाच तराजू!

आरोप लेखी द्या. बाजू ऐका. तक्रार करणारानं निवाडा करू नये. बैठकीला उशिरा आला, त्याला समज द्या. पैसे खाल्ले, त्याच्याकडून वसूल करा आन् पद काढून घ्या. बाईवर हात टाकला, त्याला हाकला. तिला पोलिसात जायचं असेल तर सोबत जा. मागली सेवा किरकोळ चुकीत जरूर मोजा. तिच्या आड पुढारी लपवू नका.

मालकाच्या दारात न्याय मागायला जाणारांनी आधी घरचा तराजू सरळ करावा.

जयभीम!