अनिता अवचट मॅडम आणि आपले पाचवे शील

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



कमिटीने मला दहा मिनिटे दिली आहेत आणि पत्रिकेवर विषय छापला आहे 'व्यसनमुक्ती'. दारू वाईट हे सांगायला मी उभा राहिलेलो नाही. ते पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मी एका बाईंबद्दल बोलणार आहे. डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट. १९९७ साली त्या गेल्या. त्या बौद्ध नव्हत्या, पण आपले पाचवे शील तुटलेल्या हजारो माणसांना त्यांनी हात दिला, म्हणून या विहारात त्यांचे नाव घेतले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा शाळकरी पोर. पुढच्या काही वर्षांत कितीतरी घरांतली चूल थंड झाली, आणि त्याच काळात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली. चाळीच्या जिन्याखाली चंदेरी कागदावर ती ओढणारी पोरे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. लोक त्यांना गर्दुल्ले म्हणायचे आणि मार द्यायचे.

तिकडे पुण्यात लेखक अनिल अवचट यांनी या पोरांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून देणगी दिली. लेख लिहिणे एक, आणि रोज सकाळी उठून त्या पोरांना सांभाळणे दुसरे. ते दुसरे काम अनिताबाईंनी उचलले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झाले. नवरा डॉक्टरकी सोडून लिहितो, घर बाईंच्या पगारावर चालते, आणि त्यात हे काम. पुढे त्यांना कॅन्सर झाला. तरी काम सुटले नाही.

त्यांची रीत काय होती? व्यसन हा आजार आहे, तो माणूस गुन्हेगार नाही, ही पहिली गोष्ट. त्यामुळे मारणे नाही, साखळीला बांधणे नाही. गर्द सुटताना 'टर्की' लागते. अंग मोडून येते, नाक गळते, झोप उडते. तेवढे दिवस औषध आणि शेजारी कोणीतरी जागे. मग झाडलोट, व्यायाम, गटात बसून बोलणे. जो बरा झाला त्यालाच नव्याची काळजी घ्यायला लावायचे. मला हे सगळ्यात मोठे वाटते. काल ज्याला कोणी दारात उभे करत नव्हते, त्याच्या हातात आज दुसऱ्याचा जीव द्यायचा. केवढा विश्वास! आणि कोणी घसरून परत आला तर दार पुन्हा उघडे. घरच्या बायकांनाही बोलावून बसवायचे, कारण मार तर त्यांनीच खाल्लेला असतो.

आता आपल्याकडे येतो. गेल्या महिन्यात कमिटीपुढे ठराव आला आहे की जो पितो त्याला वंदनेला बसू द्यायचे नाही. मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही आहे. ती मोडून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत झिंगणारे पाहिले की माझेही डोके फिरते. पण मी या ठरावाच्या विरोधात आहे. विनयात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी नव्हता, म्हणून सोबत्यांनी त्याला टाकले होते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः ते ओतले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. त्याला विहाराबाहेर नेऊन ठेवा असे ते म्हणाले नाहीत. मग आपण कोण?

माता-भगिनींना दोन गोष्टी हात जोडून सांगतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका, झटके येतात, जीव जातो, डॉक्टरकडे न्या. आणि कोणी दिलेली गोळी किंवा पूड त्याला न सांगता चहात घालू नका. दारू सोडवायची एक गोळी अशी आहे की ती पोटात असताना तो प्याला तर जिवावर बेतते.

माझी मागणी लहान आहे. ग्रंथालयाची खोली रविवारी संध्याकाळी सहा ते आठ रिकामीच असते, ती द्या. आपल्याच वस्तीतले दोघे जण सुटून काही वर्षे झाली आहेत, ते बसायला तयार आहेत. बायकांसाठी वेगळी चटई टाकू. किल्ली माझ्याकडे राहील, झाडून मी काढीन. ठरावाचे मतदान व्हायच्या आधी तीन महिने हे करून बघा, एवढेच कमिटीला सांगणे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.