‘नाही’ म्हणणारी मुले



चेन्नई शहराच्या दक्षिणेस, एका बाजूला बकिंगहॅम कालवा आणि दुसऱ्या बाजूला पळ्ळिकरणैची दलदल, अशा मधल्या पट्टीत शोळिंगनल्लूर नावाची वस्ती आहे. महाबलीपुरमला जाणारा जुना रस्ता तिच्यातून जातो. एके काळचे हे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. तत्पूर्वीच संगणक-व्यवसायाच्या मोठमोठ्या कचेऱ्या येथे उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. तंजावरास साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या मराठ्यांप्रमाणे ही माणसे राज्य करावयास आलेली नाहीत. ती नोकरीसाठी आली आहेत, आणि त्यांच्यासोबत त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुले आली आहेत. आज मला बोलावयाचे आहे ते या वयाच्या मुलांविषयी, आणि विशेषतः त्यांच्या एका लहानशा शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे ‘नाही’.

पुण्याच्या किंवा नाशिकच्या शाळेत ज्या मुलाचे तोंड वर्गात मिटत नव्हते, तेच मूल येथे आल्यावर सहा-सहा महिने गप्प बसते. शिक्षक त्याला गुणी म्हणतात. आईबापांनाही बरे वाटते, की चला, मुलगा निवळला. प्रत्यक्षात त्याच्या जवळचे शब्द काढून घेतले गेलेले असतात. मधल्या सुट्टीत कोणी त्याचा डबा ओढला, कोणी नावाची मोडतोड करून हाक मारली, तर काय म्हणावयाचे, कोणत्या सुरात म्हणावयाचे, हेच त्यास ठाऊक नसते. तमिळ भाषेत नकाराचे निरनिराळे शब्द आहेत. ‘इल्लै’ म्हणजे नाही. ‘वेण्डाम्’ म्हणजे नको. ‘मुडियादु’ म्हणजे जमणार नाही, होणे नाही. यांतला कोणता शब्द मित्राला, कोणता दुकानदाराला आणि कोणता वडीलधाऱ्याला, हे त्या भाषेत वाढलेल्या मुलास आपोआप कळते. नवागतास ते एकेक अनुभव घेऊन शिकावे लागते. तोवर तो मान हलवितो, हसतो, आणि मनात स्वतःला कमी लेखू लागतो. आत्मसन्मान हा केवळ मनाच्या आत पाझरणारा झरा आहे, अशी आपली समजूत असते. पण बोलण्याची वाट बंद झाली की तो किती लवकर आटतो, हे अशा स्थलांतरित मुलांत उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

आता आपल्या स्वतःच्या भाषेकडे पाहू. जो नाही म्हणू शकत नाही त्याला आपण भिडस्त म्हणतो, आणि भीड ही भिकेची बहीण असे त्याला बजावतोही. पण तोच मुलगा एखादे दिवशी भीड टाकून बोलला, की तो उद्धट, आगाऊ, उलट बोलणारा, तोंड वर करून बोलणारा ठरतो. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, तिच्यासाठी आपल्याकडे एक फार सुंदर शब्द आहे: बाणेदार. दुर्दैव एवढेच की तो शब्द आपण रामशास्त्री प्रभुण्यांसाठी राखून ठेवला आहे. रघुनाथरावांना तोंडावर न्याय सांगणारे रामशास्त्री आपल्याला पाठ्यपुस्तकात अतिशय प्रिय आहेत. पंधराव्या वर्षाचे रामशास्त्री घरात जेवावयाला बसलेले आपणांस चालत नाहीत. लोकमान्यांच्या लहानपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट घ्या. दर वर्षी पहिल्या ऑगस्टला हजारो मुले ती वक्तृत्वस्पर्धेत हातवारे करून सांगतात. त्यांतल्या एखाद्याने त्याच दिवशी, ‘मी केले नाही, तेव्हा मी शिक्षा भोगणार नाही,’ असे आपल्या वर्गशिक्षकांना सांगितले तर त्याचे काय होईल, याचा विचार भाषण लिहून देणाऱ्या पालकांनी केलेला नसतो.

मानसशास्त्राने या विषयाकडे पुष्कळ लक्ष पुरविले आहे. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींची पाहणी करून १९६५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आत्मसन्मान मोजण्यासाठी त्याने योजलेली दहा विधानांची यादी आजही जगभर वापरली जाते. मला त्या ग्रंथातील सर्वांत उद्बोधक भाग वाटतो तो मात्र वेगळाच. आईबापांना मुलाचे मित्र ठाऊक आहेत काय, प्रगतिपुस्तक पाहून ते काय म्हणतात, आणि जेवणाच्या वेळी घरच्या संभाषणात मुलाला वाटा मिळतो काय, असे अगदी घरगुती प्रश्न रोझेनबर्गने विचारले. ज्या मुलांच्या बोलण्यात घरच्यांना रस होता, त्यांचे स्वतःविषयीचे मत चांगले आढळले. आणि कमी गुण मिळाल्यावर रागावणाऱ्या आईबापांच्या मुलांपेक्षाही, काहीच न म्हणणाऱ्या आईबापांच्या मुलांची स्थिती अधिक वाईट होती. रागावणारा निदान पाहत तरी असतो.

यावरून कोणी असे समजेल की मुलांची स्तुती करीत राहिले म्हणजे झाले. १९८६ च्या सुमारास कॅलिफोर्निया राज्यात असाच उत्साह संचारला होता, आणि सरकारने त्यासाठी समितीही नेमली होती. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांचे तीन सहकारी यांनी तोवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा या उत्साहावर बरेच पाणी पडले. स्वतःविषयी चांगले मत असणारी मुले त्यामुळे परीक्षेत वरचढ ठरतात, असे काही दिसून आले नाही. दांडगाई करणाऱ्या मुलांचे स्वतःविषयीचे मतही काही सरसकट वाईट नसते. मात्र एक गोष्ट त्यांना मान्य करावी लागली: ज्यांचा आत्मसन्मान चांगला, ती माणसे गटात पुढे होऊन बोलतात, आणि गट चुकीच्या वाटेने जात असेल तर तसे सांगतात. आपल्या विषयापुरते हे एवढे पुरेसे आहे. आत्मसन्मानाचा उपयोग गुणपत्रिकेत शोधू नये; चारजण मिळून एखाद्या दुबळ्या मुलाची चेष्टा करीत असताना पाचवा काय म्हणतो, तेथे तो शोधावा.

पण आधी काय? आत्मसन्मान असला म्हणजे माणूस ठामपणे बोलतो, की ठामपणे बोलल्याने आत्मसन्मान येतो? आपण बहुधा पहिले उत्तर देतो, आणि मुलाच्या मनात आत्मविश्वास कधी उगवेल याची वाट पाहत बसतो. ज्यांनी लोकांना ठाम बोलण्याचे शिक्षण दिले, त्यांनी दुसऱ्या टोकाने आरंभ केला. आधी एक लहानसे वाक्य म्हणावयाचे, मनाला काही वाटो. ‘मला हे पटत नाही.’ ‘आज माझी वही देता येणार नाही.’ आवाज चढवावयाचा नाही, समोरच्याला नावे ठेवावयाची नाहीत, लांबलचक सबबीही सांगावयाच्या नाहीत. आभाळ कोसळले नाही, असे दोन-चार वेळा अनुभवास आले की मन वाक्याच्या मागोमाग येते. अर्थात, ऐकणाऱ्याने त्या वाक्याची किंमत ठेवली तर. नाही म्हटल्याबद्दल पहिल्याच वेळी थप्पड बसली, तर हे शिक्षण तेथेच संपते, ही गोष्ट पुस्तके पुरेशा स्पष्टपणे सांगत नाहीत.

आणि येथे मला आपल्याकडच्या एका मुलीची आठवण होते. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या आईकडेच राहिल्या. त्यांच्या आईने दुसरे लग्न केले होते ते डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी. या सावत्र वडिलांच्या घरी रखमाबाई वाढल्या, मिळेल ते वाचून शिकल्या, आणि दादाजींच्या घरी नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभे राहिले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात जावे. मी तुरुंगात जाईन, असे रखमाबाईंनी कळविले. तेव्हा त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. पण हा नकार काही त्या दिवशी जन्मलेला नव्हता. तो बारा ते वीस या वयात, सावत्र बापाच्या घरात, पुस्तकांच्या सोबतीने पिकत आला होता. सखाराम अर्जुन निकालापूर्वीच, १८८५ च्या एप्रिलमध्ये वारले. मुलीने तो नकार त्यांच्या पश्चात एकटीने निभावला. दरम्यान ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहाचे दुःख मांडले होते.

या प्रकरणात रखमाबाईंच्या भूमिकेस आपल्या पत्रांतून विरोध करणाऱ्यांत खुद्द टिळक होते. टरफले न उचलणाऱ्या मुलाची गोष्ट ज्यांच्याविषयी सांगितली जाते, त्यांनाही एका मुलीचा नकार मानवला नाही. यात टिळकांना कमीपणा आणण्याचा हेतू नाही. नकार कोणाच्या तोंडचा आहे यावर आपण त्याला बाणा म्हणावयाचे की बंड, हे किती अवलंबून असते, एवढेच मला दाखवावयाचे आहे. १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडास गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली.

हा सर्व इतिहास झाला, असे म्हणून बाजूस सारता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात याच चेन्नईत, एका नामांकित शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी एका शिक्षकाच्या लैंगिक गैरवर्तनाविषयी उघड तक्रारी केल्या, आणि त्या शिक्षकास अटक झाली. पाठोपाठ इतर शाळांतूनही तशाच तक्रारी पुढे आल्या. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा २०१२ सालापासून अस्तित्वात होता. मग शाळेत असताना या मुली का बोलल्या नाहीत, असे पुष्कळांनी विचारले. हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याच घरात डोकावून पाहावे. वडीलधाऱ्यांना नाही म्हणावयाचे नसते, असे ज्या मुलीला चौदा वर्षे शिकविले, तिला पंधराव्या वर्षी एका विशिष्ट वडीलधाऱ्याला मात्र नाही म्हणता यावे, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? नकार ही आणीबाणीच्या वेळी कपाटातून काढावयाची वस्तू नाही. ज्या मुलीला भाजी नको म्हणता आली नाही, गाण्याचा क्लास नको म्हणता आला नाही, विज्ञानशाखा नको म्हणता आली नाही, तिच्या जिभेला त्या शब्दाची सवय कधी व्हावी?

शोळिंगनल्लूरच्या घरांत याला आणखी एक बाजू आहे. वडिलांचे काम अमेरिकेतल्या घड्याळाप्रमाणे चालते. रात्री दहा वाजता दूरध्वनी येतो, आणि ताट बाजूला सारून वडील उठतात. ‘होय, करतो, होय, उद्यापर्यंत देतो,’ हे इंग्रजीतले होकार मुलगा शेजारच्या खोलीतून ऐकत असतो. घरात ज्यांच्यापुढे कोणी नाही म्हणू शकत नाही, ते वडील कचेरीत कोणालाच नाही म्हणू शकत नाहीत, हे त्याच्या ध्यानात येते; मुले अशा बाबतीत फार हुशार असतात. आणि मुलाने सहलीला जाऊ का म्हणून विचारले, की उत्तर मिळते, ‘बघू.’ हा ‘बघू’ म्हणजे आपल्या मराठी घरांतला सर्वांत प्रचलित नकार होय. त्यात कारण नाही, वाद नाही, आणि उत्तरदायित्वही नाही. त्याऐवजी, ‘नाही, या वेळी पैशांची ओढ आहे, पुढच्या वर्षी पाठवीन,’ असे वडील म्हणाले, तर मुलाची सहल चुकते खरी. पण नकार कसा द्यावा याचा धडा त्यास घरच्या घरी मिळतो.

रोझेनबर्गच्या प्रश्नांतला जेवणाचा प्रश्न मला म्हणूनच येथे पुन्हा पुन्हा आठवतो. या वस्तीत बापलेकांची जेवणाची वेळ जमणे कठीण असते. ज्या काही घरांत ती जमते, त्यांत अलीकडे एक गंमत पाहावयास मिळते. मुले शाळेतून तमिळ घेऊन येतात, आणि आईबापांना ती येत नाही. दुधाचा हिशेब, नळ दुरुस्त करणाऱ्याशी घासाघीस, खालच्या पहारेकऱ्याशी बोलणे, ही कामे तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींकडे येतात. पहिले सहा महिने गप्प असलेली मुलगी आता दारात उभी राहून, आवाज न चढविता, जास्त पैसे मागणाऱ्या माणसाला ‘वेण्डाम्, अण्णा’ असे सांगते, आणि तो हसून भाव उतरवितो. आई मागे उभी राहून ऐकत असते. रात्री जेवताना तीच मुलगी आईला म्हणते, ‘आई, मला अकरावीला गणित घ्यायचे नाही, का ते सांगू?’