न सापडल्याचीही नोंद

जातपडताळणीसाठी आदिवासी कुटुंबाला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे वाडवडिलांचे कागद शोधावे लागतात. मुलाचा कॉलेजातला प्रवेश त्यांवर अडलेला असतो.

आपला नंदुरबार जिल्हा झाला 1998 साली. त्याआधी हा मुलूख धुळे जिल्ह्यात, त्याहीआधी पश्चिम खानदेशात, आणि 1906 पूर्वी अखंड खानदेशात. तेव्हा आजोबांचे नाव कोणत्या दप्तरात निघेल, हे आधी कोण सांगणार?

यासाठी घरात एक वही ठेवा. तारीख, कचेरी, शाळेचे रजिस्टर पाहिले की कोतवाल बुक, कोणती साले चाळली, हे तीत मांडा. काही सापडले नाही, तर तेही मांडा. मस्टरात हजेरीइतकाच खाडाही मांडतात, तेव्हाच हिशेब जुळतो. नाहीतर धाकट्याच्या वेळी चुलता तेच रजिस्टर पुन्हा उघडील, आणि एका दिवसाची मजुरी फुकट जाईल.