यंत्राच्या किमतीत माणसाचे शिकणे धरा



मुद्रण व्यावसायिकांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मी हा धंदा सासऱ्यांच्या छापखान्यात शिकले, आणि सुरुवात बाइंडिंगच्या टेबलापासून झाली. त्यामुळे आज जे बोलणार आहे, तेही छापखान्याच्या आतल्या बाजूने बोलणार आहे.

बदलत्या काळात टिकायचे कसे, हा आजच्या अधिवेशनाचा विषय. दिवसभरातल्या चर्चासत्रांत डिजिटल छपाई, नवी सॉफ्टवेअरे, कागदाचे भाव, कर्जाच्या योजना या सगळ्यांवर जाणकार बोलतील. मला यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे एकच आहे. नवे यंत्र घेताना, ते चालवणाऱ्याला शिकायला लागणारा वेळ आणि पैसा त्या यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. ज्या छापखान्यांनी तो धरला, तिथे बदल पचला. ज्यांनी धरला नाही, तिथे यंत्र दारातून आत आले आणि हुन्नर त्याच दारातून बाहेर गेले.

आपल्या धंद्याला बदल नवा नाही. १५५६ साली गोव्यात भारतातला पहिला छापखाना उतरला, तोही ॲबिसिनियाला जायला निघालेला होता. वाटेत गोव्यात राहिला. १८०५ साली विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला छापले गेले. मराठी माणसाने मुद्रणाचे तंत्र खऱ्या अर्थाने आपल्या हातात घेतले ते मुंबईत. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहिले, स्वतः शिळाछापाचे यंत्र उभे केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. पंचांगच का छापले, याचा विचार करा. ते घरोघरी लागणारे, तोवर हाताने नकलून घेतले जाणारे. अगदी नवे तंत्र त्यांनी अगदी जुन्या गरजेला नेऊन जोडले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. छापील कागद हातात धरायला तेव्हा अनेकांचे मन घेत नसे. शाईत चरबी असते, असा संशय होता. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून धार्मिक पुस्तके छापली, असे आपल्या मुद्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. लोकांना मागासलेले म्हणून ते मोकळे झाले नाहीत. लोक नेमके कशाला भितात हे त्यांनी विचारले, आणि तेवढी गोष्ट बदलली. आपल्या छापखान्यातला एखादा पन्नाशीचा कामगार नव्या यंत्रापाशी जायला कचरतो, तेव्हा आपण त्याला असे विचारतो का? बहुतेक वेळा त्याची भीती यंत्राची नसते. चारचौघांत, आपल्या मुलाच्या वयाच्या पोराकडून चूक दाखवली जाईल, ही ती भीती असते. तिच्यावरचा उपाय अवघड नाही. फक्त तो यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

दुसरे नाव जावजी दादाजींचे. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, घासण्याच्या कामाला लागलेला हा मुलगा पुढे टाइप ओतायला शिकला आणि १८६९ साली त्याने निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या टाइपाचा लौकिक देशभर झाला. हे घडले, कारण कामाच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलाला वरची पायरी दिसत होती आणि तिथवर पोचायची वाट उघडी होती. पुढे लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, यावर डोके खपवले. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी बदल नुसता सोसला नाही, त्यांनी तो आपल्या लिपीच्या मापाने बेतून घेतला.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या बदलाकडे येते. तुमच्यातल्या ज्येष्ठांना खिळ्यांची जुळणी आठवत असेल. तरुणांसाठी थोडे सांगते. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसच्या खणांतून खिळे उचलतोय, आणि स्टिकमधली ओळ उलटी वाचली जातेय. इंग्रजीला अक्षरे मोजकी. मराठीला मात्र अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, मात्रा, अनुस्वार असे सगळे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. कोणता खिळा कोणत्या खणात, हे जुळाऱ्याच्या बोटांना पाठ असे. छापून झाले की तोच मजकूर सोडायचा, प्रत्येक खिळा आपल्या खणात परत टाकायचा. हे काम करता करता जुळाऱ्याला आणखी बरेच कळत असे. दोन शब्दांत किती फट ठेवली म्हणजे ओळ फाटल्यासारखी दिसणार नाही. परिच्छेदाचा उरलेला एकटा शब्द पुढच्या पानाच्या डोक्यावर जाता कामा नये. मथळा पानाच्या तळाला एकटा राहता कामा नये. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. अशी पाने हाताखालून जाता जाता नजर तयार झाली होती.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावणे, आले. पुण्यात सीडॅक ही संगणक संशोधनाची संस्था १९८८ साली सुरू झाली, भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्टचे तंत्र आले, श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे आली, आणि नव्वदच्या दशकात गावोगावच्या छापखान्यांत संगणक पोचला. शिसे वजनावर विकले गेले. ते विकले गेले याचे मला दुःख नाही. शिशाची धूळ अंगावर घेत, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसांची त्यातून सुटका झाली, हे चांगलेच झाले. दुःख याचे आहे की बऱ्याच ठिकाणी शिशाबरोबर जुळारीही मोडीत निघाला. कोणी रखवालदार झाला, कोणी गावी परतला. टंकलेखन येणारा मुलगा खुर्चीवर बसला आणि पानाची जबाबदारी त्याच्यावर पडली. त्याचा काही दोष नव्हता. त्याला कळपाट येत होता, पान कोणी शिकवले नव्हते. त्या काळात घाईने निघालेली पुस्तके आजही उघडून पाहा. फाटलेल्या ओळी, तुटलेली जोडाक्षरे, पानाच्या डोक्यावर लोंबणारे एकटे शब्द त्यांत दिसतील.

आमच्या छापखान्यात सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, वेगळे केले. संगणक घेतला तेव्हा त्यांनी दोन खुर्च्या घेतल्या. एकीवर नवा ऑपरेटर, शेजारी आमचे सर्वांत ज्येष्ठ जुळारी काका. दोघांचाही पगार चालू. दुपारचा काही वेळ गिऱ्हाइकाच्या कामाला संगणक द्यायचा नाही, तो शिकण्यासाठी. एकदा स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात ‘दऱ्याखोऱ्यांतून’ हा शब्द पडद्यावर ‘दर्याखोर्यांतून’ असा उमटला. ऑपरेटर म्हणाला, “काका, सॉफ्टवेअरमध्ये असंच येतं.” काका म्हणाले, “येत असेल. पण वाचणाऱ्याला दरीऐवजी समुद्र दिसेल, त्याचं काय?” मग दोघे मिळून कळपाटाचा तक्ता धुंडाळत बसले आणि ‘दऱ्या’तला तो र कोणत्या कळांनी येतो ते त्यांनी शोधून काढले. कागदावर ठळक लिहून तो कागद भिंतीला चिकटवला. पुढे काका स्वतः पाने लावू लागले, आणि तो ऑपरेटर आज स्वतःचा व्यवसाय करतो आहे. एकाने दुसऱ्याला कळ दाखवली, दुसऱ्याने पहिल्याला पान दाखवले. दोघेही एकमेकांपुढे विद्यार्थी होते, त्यामुळे कोणाचीच मान खाली गेली नाही.

बाइंडिंगच्या टेबलावरही हेच. सोळा पानी फर्मे हाताने घडी घालणाऱ्या, लावणाऱ्या, शिवणाऱ्या बहुतेक आमच्या बायाच. छपाईच्या इतिहासात त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. घडी घालणारे यंत्र आले, गोंदाने चिकटवायचे परफेक्ट बाइंडिंग आले, आणि त्यांच्या हातचे काम गेले असे सगळे धरून चालले. पण आमच्या एक ताई कागदाचा तुकडा दोन दिशांनी फाडून ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, कोणत्या बाजूला आहे ते सांगत. ग्रेन पुस्तकाच्या कण्याला समांतर नसली तर पाने वाकतात, पुस्तक नीट उघडत नाही, कणा लवकर तडकतो. हे ज्ञान यंत्राला लागतेच. किंबहुना यंत्राला ते जास्त लागते, कारण ते चुकले तर सगळीच्या सगळी आवृत्ती वाया जाते. त्या ताईंना यंत्रापाशी कागद तपासायला नेमले. त्यांची मजुरी वाढली आणि आमची परत येणारी पुस्तके कमी झाली.

घरातही आपण रोज हेच पाहतो. आईला मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवताना आपण तिच्या हातातून फोन काढून घेतो, “आण, मी करून देते” म्हणतो. काम होते, पण आई शिकत नाही. आणि पुढच्या वेळी विचारायला तिला संकोच वाटतो. छापखान्यात घाईच्या दिवसांत आपण कामगाराच्या बाबतीत नेमके हेच करतो. शिकणाऱ्याच्या हातात यंत्र राहू द्यावे लागते, आणि त्यासाठी आपल्याला थोडा उशीर सोसावा लागतो.

आज आपण पुन्हा एका वळणावर आहोत. युनिकोड या संगणकाच्या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण पान लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड चालत नव्हते, म्हणून आपला धंदा जुन्या फाँटांना धरून राहिला. परिणाम असा की वर्षानुवर्षे लावलेल्या मराठी पुस्तकांच्या फाइली त्या त्या फाँटमध्ये अडकून पडल्या आहेत. त्या बदलून घेताना जोडाक्षरे मोडतात, आणि मोडलेली जोडाक्षरे ओळखायला पुन्हा तयार नजरच लागते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणे ठरवून दिली. आपल्या संगणकावरचे किती फाँट ती वळणे देतात, हे फाँट निवडणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर तो शासननिर्णय कागदावरच राहतो.

आता तर लेखक मोबाइलवर बोलून मजकूर पाठवतात, आणि यंत्रे स्वतःच मजकूर लिहून देऊ लागली आहेत. बोललेला ‘दिन’ दिवस आहे की ‘दीन’ दुबळा आहे, हे वाक्य समजणाऱ्यालाच कळते. मजकूर जितका झटपट येईल, तितकी मुद्रितशोधकाची गरज वाढेल, असे माझे ठाम मत आहे. आणि नेमक्या त्याच वेळी खर्च वाचवायला सर्वांत आधी मुद्रितशोधकालाच कमी केले जाते आहे. खिळे गेले तेव्हा जे झाले, ते आपण पुन्हा घडू देणार आहोत का?

एक कटू गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे. प्रत्येक काम वाचत नाही. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. आपल्याकडेही लग्नपत्रिकांचे काम २०२० नंतर आपल्यातल्या अनेकांचे निम्म्यावर आले असेल. आमंत्रणे आता व्हॉट्सॲपवर जातात. जे काम जाणार आहे ते राहील असे कामगाराला सांगत बसणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. काम हळूहळू आटते आहे हे मालकाला हिशेबाच्या वहीत आधी दिसते. ते दिसल्यावर, कामगाराच्या मुलीचे लग्न आणि घराचे हप्ते डोक्यावर असताना, शेवटच्या महिन्यात सांगायचे नसते. दिसले त्याच दिवशी सांगायचे असते, म्हणजे त्याला दुसरे काही शिकायला अवधी मिळतो. माणूस वाईट बातमी झेलू शकतो; अंधारात ठेवलेले त्याला झेलता येत नाही.

म्हणून या अधिवेशनापुढे मी काही मागण्या ठेवते, आणि त्या सर्वप्रथम आपण छापखानदारांनी स्वतःकडे करायच्या आहेत. नवे यंत्र घ्यायला कर्जाचा अर्ज करताना शिकण्याच्या काळातला पगार त्या अंदाजपत्रकात लिहा. शिकवताना जोडी लावा: एक नवे तंत्र जाणणारा, एक जुने काम जाणणारा. प्रत्येक छापखान्याने आपली पान लावण्याची आणि लेखनाची नियमावली लिहून काढावी; ज्येष्ठांच्या डोक्यात जे आहे, ते त्यांच्या निवृत्तीआधी कागदावर यावे. नवीन प्रत्येक काम युनिकोडमध्ये करा आणि जुन्या फाइली तपासून बदलून घ्या. मुद्रितशोधनाचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवा, म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचे मोल कळेल. बाइंडिंगच्या बायांना तंत्रशिक्षणाच्या वर्गांत बोलवा. त्यांना वगळून भरवलेला वर्ग अपुरा आहे. आणि कामगार बांधवांना माझे सांगणे आहे: जिथे शिकायला मिळते, तिथे संकोच बाजूला ठेवून पुढे या. तुमच्याकडे जे आहे ते नव्या माणसाकडे नाही, हे लक्षात ठेवून या.

दुपारच्या सत्रानंतर या मागण्यांवर ठराव मांडला जाईल. तो टाळ्यांनी मंजूर करून विसरू नका. पुढच्या अधिवेशनात प्रत्येक जिल्ह्याने उभे राहून सांगावे, किती छापखान्यांत शिकण्याचा वेळ पगारात धरला गेला. तो आकडा वाढला, तर हे अधिवेशन कारणी लागले असे मी समजेन.