दहा मजली भुयार



मोबाईलवरच्या गेममध्ये मेलेला गडी पुढच्याच मिनिटाला पुन्हा उभा असतो. आज मी ज्या गेमबद्दल बोलणार आहे, त्यात मेलेला गडी परत येईलच याची खात्री नाही. त्याचं नाव विझर्ड्री. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वूडहेड या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि 1981 मध्ये तो ॲपल टू संगणकावर आला. गोष्ट एवढीशीच. वेर्डना नावाच्या मांत्रिकानं ट्रेबर राजाचा ताईत पळवलाय आणि तो दहा मजली भुयाराच्या तळाशी जाऊन बसलाय. त्याला गाठायचं. (ही दोन्ही नावं इंग्रजीत उलटी वाचली की गेम लिहिणाऱ्यांचीच नावं निघतात. पोरांची मस्ती!)

आपण सहा गडी तयार करायचे. तिघे तलवार घेऊन पुढे, तिघे मागे. मागच्या रांगेत मांत्रिक.

आता सिद्धी म्हटलं की आम्हा पुणतांबेकरांना गोदाकाठच्या समाधीतले चांगदेव महाराजच आठवणार. वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक, काळाला चौदा वेळा माघारी धाडून चौदाशे वर्षं जगलेले, अशी त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आणि एवढं सगळं हाताशी असून शेवटी ते लहानग्या मुक्ताईचे शिष्य झाले. विझर्ड्रीतला मांत्रिक मात्र पहिल्या दिवशी अगदीच काडीपैलवान असतो. एक घाव बसला की संपला. मंत्र दोनदाच टाकता येतो. तो टाकला की मुकाट्यानं भुयाराबाहेरच्या गावात परत. तिथं तबेल्यात झोपलात तर फुकट, पण फक्त मंत्रांची ताकद परत येते, जखमा तशाच. जखमा भरायच्या तर पैसे मोजून खोली घ्यायची, आणि तिथं मुक्काम केला की आयुष्यातले दिवस खर्ची पडतात. गडी पन्नाशीपलीकडे गेला की शरीर उतरणीला लागतं. काळाला माघारी धाडण्याची सोय इथं कुणालाच नाही.

मग लोक हा गेम खेळतात कशासाठी? पहिल्या मजल्यावर चार-पाच शत्रू अंगावर येतात आणि तो काडीपैलवान झोपेचा मंत्र टाकतो. सगळे आडवे! पुढचे तिघे त्यांचा निकाल लावतात. तेवढ्यात आपण खुर्चीच्या टोकाला आलेलो असतो. त्या गड्याचं नाव आपण ठेवलेलं असतं, तो मरू शकतो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून जीव टांगणीला लागतो. चित्रं काय, काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. बाकीचं भुयार आपणच मनात उभं करायचं.

आणि कागदावर. प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा. ग्राफ पेपर, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायचं, एक पाऊल टाकलं की एक रेघ ओढायची. काही चौकोन असे बेरकी की त्यावर पाय पडताच ते आपल्याला नकळत फिरवतात. आपण उत्तर समजून नकाशा काढत राहतो आणि खरं तर पश्चिमेला चाललेलो असतो. एखादी भिंत जुळेनाशी झाली की मग कळतं, आणि अर्धं पान खोडावं लागतं. मला विचाराल तर या गेमची खरी गोडी या खाडाखोडीतच आहे.

मरणाचा हिशेब मात्र निर्दय. गडी पडला की त्याची नोंद लगेच डिस्कवर होते. देवळात पैसे भरून त्याला उठवता येतं, पण ते फसलं तर त्याची राख होते. राखेवरचा उपायही फसला की तो कायमचा गेला. काही चलाख खेळाडू गडी पडतोय असं दिसताच संगणकाचं बटणच बंद करायचे. आपल्याकडे ते काम भारनियमनानं केलं असतं.

यातला सगळा कठीणपणा मी डोक्यावर घेणार नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारा एक मंत्र आहे. त्याचे आकडे चुकले तर सगळी तुकडी थेट दगडात जाते, आणि कित्येक आठवड्यांची मेहनत मातीत. याला कसोटी म्हणत नाहीत, छळ म्हणतात.

तरी हा गेम टिकला. जपानमध्ये त्यानं लोकांना वेड लावलं, आणि 1986 चा तिथला गाजलेला गेम ड्रॅगन क्वेस्ट त्याचं बोट धरून आला. 2024 मध्ये मूळ गेम नव्या चित्रांसह पुन्हा निघाला.

या गेमची खरी खोडी मात्र 1987 च्या चौथ्या भागात दिसली. त्यात आपणच वेर्डना. सगळ्या सिद्धी हिरावलेल्या, जागा भुयाराच्या तळाशी, आणि चढून वर यायचं. वाटेत आडवे येतात ते खऱ्या खेळाडूंचे गडी, त्यांनी गेम काढणाऱ्या कंपनीकडे पाठवलेल्या डिस्कवरून उचललेले. पहिल्याच खोलीला दार दिसत नाही. पुष्कळ जण तिथंच अडकले.